पाठराखणीचे औषध



आजचा विषय वरवर पाहता डॉक्टरांचा आहे. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंसाठी दोन औषधे एकत्र करून जी नवी प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, तयार होत आहेत, त्यांच्याबद्दल मला बोलायचे आहे. पण हा विषय डॉक्टरांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. या औषधांचे पुढे काय होणार हे वॉर्डात जितके ठरते, तितकेच ते औषधाच्या दुकानात, सरकारी खरेदीच्या निविदेत आणि नातेवाइकांनी डॉक्टरांकडे धरलेल्या आग्रहात ठरते. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोन औषधे एकत्र आली की ताकद दुप्पट होते, ही आपल्याकडे घट्ट रुजलेली समजूत चुकीची आहे. चांगले जोडऔषध हे जिवाणूच्या एका ठरावीक हत्याराला दिलेले नेमके उत्तर असते. समोरच्या जिवाणूकडे कोणते हत्यार आहे हे न कळता ते दिले, तर ते कधी वाया जाते आणि कधी नुकसान करते. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा हा या औषधाचाच एक घटक मानला पाहिजे. ती नसेल तर आजचे नवे औषध काही वर्षांत जुन्या औषधांच्या वाटेने जाईल.

हे हत्यार किती जुने आहे, ते आधी पाहू. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली सगळी औषधे जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतात. जिवाणू वाढताना ही भित्तिका सतत उसवली आणि विणली जाते. विणण्याचे काम करणारी काही प्रथिने पेशीत असतात. पेनिसिलिन त्या प्रथिनांना जाऊन चिकटते, विणकाम थांबते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. या कुळातल्या प्रत्येक औषधाच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. औषधाचा सगळा जोर त्या कड्यात. ऑक्सफर्डमध्ये रोग्यांना पेनिसिलिन द्यायला १९४१ च्या फेब्रुवारीत सुरुवात झाली. त्याच्या दोन महिने आधी, १९४० च्या डिसेंबरात, तिथल्याच अब्राहम आणि चेन या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये कळवले होते की काही जिवाणूंकडे पेनिसिलिन नष्ट करणारे एन्झाइम आहे. हे एन्झाइम म्हणजे बीटा-लॅक्टमेज. ते त्या कड्याचा एक सांधा तोडते आणि औषध निकामी होते. म्हणजे औषध वापरात येण्याआधीच त्यावरचा तोडगा निसर्गात हजर होता. प्रतिजैविकांना होणारा वाढता प्रतिरोध ही सर्वस्वी माणसाची करणी आहे असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. आपण एन्झाइम निर्माण केले नाही. ज्याच्याकडे ते होते त्याला वाढायला मोकळे रान मात्र आपण दिले.

एन्झाइम औषध तोडत असेल तर दोन मार्ग उरतात. एक, न तुटणारे औषध शोधणे. दुसरा, एन्झाइमला गुंतवून ठेवणे. दुसऱ्या मार्गाचे पहिले मोठे यश म्हणजे क्लाव्ह्युलॅनिक आम्ल. स्ट्रेप्टोमायसिस क्लाव्ह्युलिगेरस या मातीतल्या जिवाणूपासून बीचम कंपनीच्या संशोधकांनी सत्तरच्या दशकात ते मिळवले, आणि १९८१ साली अमॉक्सिसिलिनच्या जोडीने ते ब्रिटनमध्ये बाजारात आले. आज खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही ही जोडगोळी मिळते. यात क्लाव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः जिवाणूला फारसे मारत नाही. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, तसे ते अमॉक्सिसिलिनबरोबर जाते. त्याच्या रेणूतही तेच कडे आहे, म्हणून एन्झाइम त्याच्यावर झडप घालते, पण एकदा पकडले की सुटत नाही. एन्झाइम खर्ची पडते आणि अमॉक्सिसिलिनला आपले काम करायला वाव मिळतो. सल्बॅक्टम आणि टॅझोबॅक्टम हे याच घराण्यातले. मारणारे औषध आणि त्याची पाठराखण करणारे औषध ही कल्पना इतकी यशस्वी ठरली की गेली चार दशके आपण तिच्यावर निभावून नेत आहोत. मात्र या पाठराखणीला मर्यादा आहे. ती ठरावीक घडणीच्या एन्झाइमपुरतीच चालते.

आणि एन्झाइम एका घडणीचे राहिले नाही. तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन भरमसाट वापरली गेली, तशी ती तोडणारी एन्झाइम फोफावली. त्यांतले जगभर पसरलेले सीटीएक्स-एम-१५ पहिल्यांदा नोंदले गेले ते नवी दिल्लीच्या नमुन्यांतून. मग इमिपेनेम, मेरोपेनेम ही कार्बापेनेम गटातली औषधे आली, जी त्या एन्झाइमला तोडता येत नव्हती. अतिदक्षता विभागांत तीच शेवटची फळी मानली गेली. ती फळीही फुटली, आणि वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या एन्झाइमनी फोडली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या १९९६ सालच्या एका क्लेब्सिएला जिवाणूत केपीसी नावाचे एन्झाइम सापडले. आपल्या उपखंडाशी जोडलेले एनडीएम-१ हे वेगळ्याच जातीचे. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या नमुन्यात ते सापडले आणि २००९ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्याच्या नावातल्या नवी दिल्लीवरून देशात मोठा गदारोळ उठला. त्या गदारोळात मुंबईची एक साधी आकडेवारी मागे पडली, याचे मला आजही वाईट वाटते. २०१० च्या मार्चमध्ये भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात हिंदुजा रुग्णालयाचा एक अहवाल छापून आला होता. काही महिन्यांत सापडलेल्या, कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या आतड्यातल्या कुळाच्या २४ जिवाणूंपैकी २२ जणांकडे एनडीएम-१ होते. हे आपलेच डॉक्टर आपल्यालाच सांगत होते. २०११ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ तयार करणारा जनुक आढळला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देखरेखीच्या देशव्यापी जाळ्यात इमिपेनेमला दाद देणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंचे प्रमाण २०१७ साली ८१ टक्के होते, ते २०२२ मध्ये ६६ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएलाचे ५९ वरून ४२ टक्क्यांवर.

आता माझ्या युक्तिवादाचा मध्य येतो. केपीसी आणि एनडीएम दोन्ही कार्बापेनेम तोडतात, पण तोडण्याची त्यांची रीत मुळातच निराळी आहे. केपीसीच्या कार्यस्थळी सेरीन नावाचे अमिनो आम्ल असते, एनडीएमच्या कार्यस्थळी जस्ताचे अणू. गेल्या दहा-बारा वर्षांत आलेली बहुतेक नवी जोडऔषधे सेरीनवाल्या एन्झाइमसाठी घडवलेली आहेत. २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टममधले अ‍ॅव्हिबॅक्टम केपीसीला आणि ऑक्सा-४८ या सेरीनवाल्याच दुसऱ्या एन्झाइमच्या जातीला बांधते, एनडीएमला नाही. मेरोपेनेम-व्हॅबोरबॅक्टम, इमिपेनेम-रेलेबॅक्टम यांचीही एनडीएमपुढे मात्रा चालत नाही. यात कुणाचा दोष काढण्याचे कारण नाही. जिथे औषधे घडली, तिथे केपीसीचाच त्रास होता. पण आपल्या रुग्णालयांत एनडीएम आणि ऑक्सा-४८ जातीची एन्झाइम जास्त आढळतात, कधी कधी एकाच जिवाणूत दोन्ही. म्हणून परदेशात जीवनदायी ठरलेले महागडे औषध आपल्याकडे नेमके लागू पडेलच असे नाही. यावर वॉर्डातल्या डॉक्टरांनीच एक युक्ती काढली. अ‍ॅझ्ट्रिओनाम हे १९८६ पासूनचे जुने औषध एनडीएमला तोडता येत नाही, पण त्याच जिवाणूतली इतर एन्झाइम ते तोडतात. मग अ‍ॅव्हिबॅक्टमने त्या इतरांना गुंतवायचे आणि अ‍ॅझ्ट्रिओनामने मारायचे. दोन वेगळी इंजेक्शने सोबत देऊन हे उपचार सुरू झाले. पुढे अ‍ॅझ्ट्रिओनाम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे एकत्र औषध २०२४ मध्ये युरोपात आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. तरीही आपली अडचण पुरती संपलेली नाही. भारतातल्या एनडीएम बाळगणाऱ्या बऱ्याच ई. कोलायमध्ये, अ‍ॅझ्ट्रिओनाम ज्या प्रथिनाला चिकटते, त्यातच चार अमिनो आम्लांची भर पडलेली आढळते. त्यामुळे औषधाची पकड सैल होते.

इथे महाराष्ट्राशी थेट जोडलेले एक काम येते. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आहे. तिथे झिडेबॅक्टम नावाचा रेणू घडवला गेला आणि त्याची जोड सेफेपीम या जुन्या सेफॅलोस्पोरिनशी लावली गेली. ही जोडी वेगळी का, हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. ई. कोलाय ही एरवी आखूड दांड्यासारखी पेशी. भित्तिका विणणाऱ्या तिच्या प्रथिनांपैकी तिसऱ्या क्रमांकाचे प्रथिन पेशी दुभंगण्याच्या जागी काम करते. सेफेपीमने ते बंद पाडले की पेशी वाढत राहते, पण दुभंगत नाही, आणि लांबच लांब दोऱ्यासारखी दिसू लागते. दुसऱ्या क्रमांकाचे प्रथिन पेशीला दांड्याचा आकार देते. झिडेबॅक्टम त्याला घट्ट धरते, तेव्हा पेशी गोल होते, फुगते. दोन्ही प्रथिने एकाच वेळी बंद झाली की पेशीला लांबही होता येत नाही आणि दुभंगताही येत नाही, ती फुटते. म्हणजे इथे दुसरे औषध केवळ पाठराखण करत नाही, स्वतःही घाव घालते. एनडीएम झिडेबॅक्टमला तोडू शकत नाही. सेफेपीमला ते तोडते, पण दुसऱ्या बाजूने घाव बसत असल्यामुळे उरलेले थोडे सेफेपीमही पुरते. अ‍ॅझ्ट्रिओनाम ज्याला चिकटते ते हेच तिसरे प्रथिन; त्यात चार अमिनो आम्लांची भर पडलेली असली तरी दुसऱ्यावरचा मारा चालूच राहतो. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गाच्या ५३० रुग्णांवर मेरोपेनेमशी तुलना करून झालेल्या चाचणीत या जोडीचे एकूण यश ८९ टक्के आणि मेरोपेनेमचे ६८.४ टक्के असल्याचे कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केले. हे यश मोठे आहे आणि मराठवाड्यात झालेल्या कामाचा अभिमान वाटावा असे आहे. पण अभिमानाच्या भरात चाचणीच्या कक्षेबाहेरचा निष्कर्ष काढू नये. लघवीत औषधाचे प्रमाण खूप वाढते, त्यामुळे मूत्रमार्गात जे साधते ते व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात तितकेच साधेल असे या एका चाचणीवरून म्हणता येत नाही. आणि ही चाचणी औषध तयार करणाऱ्या कंपनीची आहे, हेही विसरू नये.

जोडऔषधांबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत. एक, जितकी औषधे जास्त तितका गुण लवकर. दुसरे, जोडऔषध म्हणजे कंपन्यांची लबाडी. दुसऱ्या मताला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. २००७ ते २०१२ या काळात भारतात विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांच्या ११८ ठरावीक जोडण्या तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या ७५ जोडण्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यताच नव्हती. सेफिक्झीमबरोबर ओफ्लॉक्सॅसिन अशी दोन पूर्ण ताकदीची औषधे एका गोळीत कोंबण्याचे समर्थन कोणत्या एन्झाइमवर उभे आहे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. तो निदानाच्या जागी ठेवलेला अंदाज आहे. हे लागू पडले नाही तर ते पडेल, इतकाच त्यामागचा विचार. केंद्र सरकारने २०१८ साली ३२८ जोडण्यांवर बंदी आणली ती रास्तच होती. पण या गोळ्यांच्या पापाचे ओझे अमॉक्सिसिलिन-क्लाव्ह्युलॅनिक आम्लावर किंवा सेफेपीम-झिडेबॅक्टमवर टाकणे अन्यायाचे आहे. क्षयरोगात एकाच वेळी अनेक औषधे द्यावी लागतात, तिथे हेतू आणखी तिसराच असतो. एकाच जंतूत दोन-तीन औषधांना तोंड देणारे बदल एकदम घडण्याची शक्यता नगण्य असते, म्हणून ती जोडणी. जोडणी पारखताना घटक किती आहेत ते मोजू नये. प्रत्येक घटकाचे काम काय आणि समोरच्या जंतूपुढे ते लागू पडते का, एवढेच पाहावे.

ते लागू पडते का, हे प्रयोगशाळेतच कळते. यावर सर्वांत वजनदार आक्षेप अतिदक्षता विभागातून येतो. रक्तात संसर्ग पसरलेला रुग्ण तासागणिक खालावतो, कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर हातावर हात धरून बसायचे का? आक्षेप खरा आहे, आणि बसावे असे कुणीच म्हणत नाही. पहिला डोस अंदाजानेच द्यावा लागतो. प्रश्न आहे तो अंदाज कशावर बेतलेला आहे, हा. त्या रुग्णालयातल्या गेल्या वर्षभराच्या रिपोर्टांचा गोषवारा डॉक्टरांसमोर असेल तर तो अंदाज जाणकाराचा असतो, नसेल तर ऐकीव माहितीचा. आणि पहिल्या डोसआधी रक्त कल्चरला काढले, तर तिसऱ्या दिवशी औषध बदलता येते, कमी करता येते, थांबवता येते. रक्त घेतलेच नाही तर सुरू झालेले भारी औषध बंद करण्याचे धाडस कुणालाच होत नाही आणि ते चौदा दिवस चालते. तपासणीला लागणारा वेळही आता कमी झाला आहे. प्लेटवर वाढलेल्या जिवाणूत केपीसी, ऑक्सा-४८, एनडीएम यांपैकी काय आहे, हे गर्भचाचणीसारख्या पट्टीवर पंधरा मिनिटांत दिसते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी देशभर बसवलेल्या सीबीनॅट यंत्रांत वेगळे काडतूस घातले तर या एन्झाइमचे जनुक तासाभरात शोधता येतात. आणि यातले काहीच नसले तरी साध्या प्लेटवर सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टमची चकती आणि अ‍ॅझ्ट्रिओनामची चकती शेजारी शेजारी ठेवता येते. दुसऱ्या दिवशी दोन्ही चकत्यांच्या मधल्या भागात जिवाणूंची वाढ थांबलेली दिसली, मोकळ्या पट्ट्याची कड मधल्या बाजूला फुगलेली दिसली, की या दोघांची जोडी या रुग्णात उपयोगी पडण्याचा संभव चांगला आहे हे तंत्रज्ञाला नजरेने कळते. याला लागतात त्या चकत्या, प्लेट, उबवणी यंत्र आणि शिकलेला माणूस.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. तुम्ही जपून वापरा म्हणता, पण गरिबाला ही औषधे मिळतातच कुठे? ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये २०२५ साली आलेल्या एका अभ्यासाने भारतासह आठ देशांचा हिशेब मांडला. २०१९ साली या देशांत कार्बापेनेमला न जुमानणारे गंभीर संसर्ग सुमारे १५ लाख झाले, त्यांतले साधारण १० लाख एकट्या भारतात. लागू पडू शकेल असे औषध आठही देशांत मिळून ६.९ टक्के रुग्णांना मिळाले असावे, भारतात ७.८ टक्क्यांना. त्याच वर्षी प्रतिरोधी जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू भारतात सुमारे २ लाख ९७ हजार होते. हे आकडे वाचल्यावर केवळ निर्बंधांची भाषा बोलणे मला क्रूरपणाचे वाटते. पण नीट पाहिले तर हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळ देतो. उरलेल्या ९२ टक्क्यांना औषध का मिळाले नाही? किंमत हे एक कारण. पण रुग्ण योग्य रुग्णालयापर्यंत न पोहोचणे आणि पोहोचला तरी त्याच्या शरीरात कोणता जिवाणू आहे हे कुणी न तपासणे, ही कारणेही तितकीच मोठी आहेत. ज्याचे निदानच झाले नाही त्याच्यासाठी औषध कुणी मागणार नाही. एकाच शहरात एका रुग्णालयात शेवटच्या फळीचे औषध साध्या संसर्गाला वापरले जाते आणि दुसऱ्यात खरी गरज असलेला रुग्ण त्याच्यावाचून जातो, या दोन्हींच्या मुळाशी न झालेली तपासणीच आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या औषध नियमांतल्या एच-१ अनुसूचीनुसार दुकानदाराला अशा औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. ती नोंदवही दुकानातली विक्री काहीशी आवरते, रुग्णालयातल्या न झालेल्या कल्चरचे ती काहीच करू शकत नाही.

तिसरा आक्षेप निराशेचा आहे. जिवाणू यावरही मात करणारच, मग इतका खटाटोप कशाला? मात करतील, यात शंका नाही. सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टम बाजारात आल्यावर दोन-तीन वर्षांतच अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये उपचार चालू असतानाच काही रुग्णांतल्या केपीसीमध्ये बदल होऊन औषध निकामी झाल्याची नोंद झाली. झिडेबॅक्टमच्या वाट्यालाही हे येईल. परंतु दोन वर्षांत येणे आणि वीस वर्षांत येणे यांत फरक आहे, आणि तो फरक अनेक माणसांच्या जिवाचा आहे. मधल्या काळात किती शस्त्रक्रिया, किती केमोथेरपी, किती अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे संगोपन निर्धोक होईल, याचा विचार करा. शिवाय औषधांची पुढची रांगही लांब नाही. प्लाझोमायसिन हे नवे प्रतिजैविक २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि ते घडवणारी अचाओजेन कंपनी २०१९ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. जे औषध जपून वापरायचे त्याचा खप होत नाही, आणि खप नसेल तर कंपनी तगत नाही. ब्रिटनने २०२२ पासून यावर एक तोडगा चालवला आहे. दोन नव्या प्रतिजैविकांसाठी तिथली आरोग्यसेवा प्रत्येकी वर्षाला १ कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम देऊ लागली, मग औषध किती वापरले याचा त्या रकमेशी संबंध राहत नाही. कंपनीला खप वाढवण्याचा मोह उरत नाही.

आपल्या राज्याला ब्रिटनइतका पैसा ओतता येणार नाही, पण खरेदीची रीत बदलता येईल. ज्या राज्यात १९५४ साली पिंपरीला सरकारी मालकीचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, त्या राज्याला प्रतिजैविकांच्या धोरणात पुढाकार घेणे परके नाही. सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीसाठी महाराष्ट्रात २०२३ साली वेगळे प्राधिकरण कायद्याने स्थापन झाले. एनडीएमवर चालणारे जोडऔषध ते जेव्हा खरेदी करील, तेव्हा त्याच निविदेत रक्त-कल्चरच्या बाटल्या, एन्झाइम ओळखणाऱ्या पट्ट्या आणि सीबीनॅटची ती वेगळी काडतुसे असावीत, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने वर्षाच्या शेवटी आपल्या रिपोर्टांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. ज्या जिल्हा रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे पद रिकामे आहे, तिथे औषध अडवून ठेवायचे नाही. तिथले नमुने जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात रोजच्या रोज पोहोचवायचे. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने तालुक्यांतून गोळा करण्याची व्यवस्था आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे. रक्ताची बाटली त्याच गाडीतून जाऊ शकते.